शिकाऊपणाचा खर्च कोणी सोसायचा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते फळ्यावर जेवढे शिकवत तेवढेच वर्कशॉपमध्ये शिकवत. म्हणून, पदवीधरांची कौशल्ये आणि उद्योगांच्या अपेक्षा यांत पडलेल्या अंतराबद्दल बोला, असे संयोजकांनी सुचवले तेव्हा तो विषय या व्यासपीठाला साजेसा वाटला. माझी नोकरी तंत्रनिकेतनात झाली. निवृत्तीनंतर भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाशी संबंध राहिला. त्यामुळे दोन्हीकडच्या तक्रारी माझ्या कानावर येतात. कारखानदार म्हणतो, कामाची माणसे मिळत नाहीत. मुलगा म्हणतो, काम मिळत नाही. एकाच तालुक्यात, एकाच वेळी, दोघेही खरे बोलत असतात.

मला जे सांगायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. पदवी आणि काम यांच्यामध्ये शिकाऊपणाचा एक काळ असतो. कुठे सहा महिन्यांचा, कुठे दोन वर्षांचा. तो कोणत्याच देशाला टाळता आलेला नाही. आपल्याकडे या काळाचा खर्च एके काळी कारखाना सोशीत असे, काही भार सरकार उचलत असे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तो हळूहळू आईवडिलांच्या अंगावर ढकलला गेला. ज्यांच्या आईवडिलांना तो झेपत नाही, त्या मुलांना आपण 'कौशल्य नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो. हा अन्याय आहे, आणि तो थांबवता येण्यासारखा आहे, असे माझे मत आहे.

आता आकड्यांकडे वळू, कारण या विषयावरची चर्चा आकड्यांनीच सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच फसते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत तेच प्रमाण ३.४ टक्के होते. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की शिकाल तर बेकार व्हाल. अहवालाचा अर्थ असा लावणे चूक आहे. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या घरात बसून खायला नसते. तो उसाच्या फडावर जातो, बांधकामावर जातो, हमाली करतो, आणि मोजणीत 'रोजगार असलेला' म्हणून नोंदला जातो. पदवीधर मुलाला घरचे काही काळ सांभाळतात. तो थांबतो. त्या २९ टक्क्यांत हे थांबणेही मोजलेले आहे. कशासाठी थांबतो? २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. पात्रता होती कोणत्याही शाखेची पदवी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बारा-बारा तास बसणाऱ्या मुलामुलींना आळशी म्हणणारे लोक मला भेटतात, तेव्हा मला राग येतो. एवढी चिकाटी ज्या पिढीत आहे ती कामाला नालायक कशी? तिच्या चिकाटीला दुसरी वाट दिसत नाही, हे खरे दुखणे आहे.

दुसरा आकडा 'रोजगारक्षमते'चा. २००५ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या संशोधन विभागाने म्हटले की भारतातील अभियांत्रिकी पदवीधरांपैकी सुमारे २५ टक्केच बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करण्यास योग्य आहेत. हा अंदाज मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखतींवरून काढलेला होता आणि तो बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामापुरताच होता. पण आपल्याकडे तो पोहोचेपर्यंत 'पंचाहत्तर टक्के इंजिनिअर निरुपयोगी' असा झाला आणि दीक्षान्त भाषणांतून वीस वर्षे फिरत राहिला. अलीकडे, २०२३-२४ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम असल्याचा आकडा आला. म्हणजे दोघांतला एक थेट कामाला लावता येण्यासारखा नाही. हे आकडे मी धुडकावून लावत नाही. मुलांत उणिवा आहेत आणि त्यांबद्दल मी पुढे बोलणारच आहे. पण असल्या मोजणीत चाचणी एकाच बाजूची होते. किती कारखाने शिकवायला लायक आहेत, नव्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत काय दाखवावे हे किती कंपन्यांना ठाऊक आहे, याची टक्केवारी काढायचे कोणाच्या मनात येत नाही.

एक साधी गोष्ट विचारात घ्या. बाजारात एखादी वस्तू खरोखर दुर्मिळ झाली की तिचा भाव चढतो. टोमॅटो कमी आले की आपल्याला आठवड्यात कळते. कुशल पदवीधरांचा एवढा दुष्काळ असेल तर नव्या पदवीधराचा पगार चढायला हवा होता. संगणक सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत नव्या अभियंत्याचा सुरुवातीचा वार्षिक पगार दहा वर्षांहून अधिक काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. या काळात पुण्यातले खोलीभाडे किती वाढले ते या सभागृहातल्या पालकांना मी सांगायला नको. अमेरिकेतील व्हार्टन स्कूलचे प्राध्यापक पीटर कॅपेली यांनी स्वतःच्या देशाबद्दल नेमका हाच मुद्दा २०१२ मध्ये मांडला होता. कंपन्या प्रशिक्षण द्यायच्या थांबल्या, आयत्या तयार माणसाची अपेक्षा करू लागल्या, आणि तो हव्या त्या पगारात मिळेना तेव्हा 'कौशल्यांची टंचाई' म्हणू लागल्या. आपली परिस्थिती हुबेहूब तशी नाही. आपल्याकडे महाविद्यालयांचीही दशा बिकट आहे. पण त्या युक्तिवादातले सत्य आपल्यालाही लागू पडते.

आपल्याकडे हे नेहमी असेच होते काय? मुळीच नाही, आणि हे सांगताना मला अभिमान वाटतो.

पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल असे होते. सार्वजनिक बांधकामांवर देखरेख करणारी माणसे तयार करणे हा त्याचा हेतू. काम समोर होते आणि त्या कामासाठी शाळा निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तर प्रत्येक मराठी माणसाने मुलांना सांगावी अशी आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोडच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी कारखाना उभारला. तिथे प्रशिक्षित कामगार कुठून येणार? आसपासच्या खेड्यांतली माणसे आली, ज्यांनी जन्मात लेथ पाहिला नव्हता. लक्ष्मणरावांनी त्यांनाच शिकवले. ओतकाम शिकवले, जुळणी शिकवली. त्यांच्या हातून निघालेले नांगर, चरक आणि पंप देशभर गेले. कुशल माणसे मिळत नाहीत म्हणून त्यांनी कारखाना थांबवला असता तर किर्लोस्करवाडी झालीच नसती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीही आयुष्याच्या पूर्वार्धात याच किर्लोस्करांचे नांगर विकले होते, आणि नंतर साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशी त्यांचा संबंध होता. 'कमवा आणि शिका' ही योजना काढणाऱ्या माणसाने कारखाना आतून पाहिलेला होता, हे आपण विसरतो. श्रम आणि शिक्षण यांची सांगड त्यांनी पुस्तकातून उचलली नव्हती.

त्यानंतरचा काळ टेल्को या वाहन कंपनीचा. सुमंत मूळगावकरांनी पुण्यात कारखाना उभा करताना शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाला उत्पादनाच्या बरोबरीने महत्त्व दिले. त्या प्रशिक्षण विभागातून बाहेर पडलेली मुले पुढे पिंपरी-चिंचवडमध्ये ठिकठिकाणी सुपरवायझर झाली, टूलरूमचे प्रमुख झाली, आणि पुष्कळांनी भोसरीत स्वतःची वर्कशॉप टाकली. आज आपण ज्याला पुण्याचा वाहनउद्योग म्हणतो त्याचे हात तिथे घडले. त्या मुलांना पहिल्या दिवशी फाईल आणि व्हाइस देत. महिनोन्महिने एक चौकोन घासायला लावत, आणि मास्तर ट्राय-स्क्वेअर लावून त्यातून किती उजेड दिसतो ते बघत. आज हे वेळ वाया घालवणे वाटेल. पण त्या घासण्यातून मुलाला मापाचा आदर कळत असे. शतांश मिलिमीटर म्हणजे काय हे त्याच्या बोटांना कळत असे.

मग बदलले काय?

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयाची सरसकट निंदा करणाऱ्यांत मी नाही. तोपर्यंत बार्शीच्या किंवा परभणीच्या मुलाला अभियांत्रिकीचे दार जवळजवळ बंद होते. कर्नाटकात देणग्या भरून प्रवेश घ्यावा लागे. ते दार उघडले हे चांगलेच झाले. माझे पुष्कळ विद्यार्थी त्या दारातून आले. पण जागा ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने शिक्षक वाढले नाहीत, यंत्रे वाढली नाहीत, आणि महाविद्यालयाच्या आसपास कारखाना असावा ही अट कोणी घातली नाही. वर्गखोली स्वस्तात बांधता येते, वर्कशॉप महाग पडते. मग वर्कशॉप तपासणीपुरते राहिले. प्रात्यक्षिकाची वही आदल्या वर्षीच्या मुलाकडून उतरवून घ्यायची, टर्मवर्कचे गुण सगळ्यांना सारखे मिळायचे, तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक दुपारच्या गाडीच्या घाईत असायचे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत मिळू लागला. अहवालासकट, बाइंडिंगसकट. मुलाला हे सारे दिसत होते. चार वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली, की काम केल्याचा कागद हा प्रत्यक्ष कामाइतकाच चालतो. कारखान्यात पहिल्याच दिवशी नेमकी हीच समजूत आड येते. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचता येत नाही, ही उणीव दोन आठवड्यांत भरून निघते. 'माझ्याकडून जॉब बिघडला' हे सुपरवायझरला येऊन सांगायची सवय नसणे, मोजमाप न घेता तक्त्यात आकडा भरणे, विचारायची लाज वाटणे, या गोष्टी भरून यायला वर्ष लागते. कारखानदार ज्याला कौशल्याचा अभाव म्हणतो त्यातला मोठा भाग हा आहे, आणि तो आम्ही शिक्षकांनी निर्माण केलेला आहे.

पण शिक्षक तरी कोण उरले? राज्यातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत कायम पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांवर गाडा चालला. नेट-सेट झालेला, पीएचडी केलेला माणूस तासावर पैसे घेऊन दोन-तीन महाविद्यालयांत धावत शिकवतो, सुटीच्या महिन्यांत त्याला उत्पन्न नसते, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे माहीत नसते. त्याने विद्यार्थ्यांना घेऊन कारखान्याला भेट कधी द्यायची? प्रयोगशाळेतले बंद यंत्र दुरुस्त करण्यात त्याने जीव का घालावा? कौशल्याच्या चर्चासत्रांत या माणसाचे नाव कोणी काढत नाही.

दुसरीकडे कारखानेही बदलले. १९९१ नंतर स्पर्धा वाढली, खर्च कापण्याची वेळ आली, आणि सगळ्यात आधी कात्री लागली ती प्रशिक्षणाला, कारण त्याचा तोटा लगेच दिसत नाही. कायम कामगारांची जागा कंत्राटी कामगारांनी घेतली. सात-आठ महिन्यांनी ज्याला ब्रेक द्यायचा आहे त्याला कोण शिकवेल? त्याला एक बटण, एक स्टेशन, एक हालचाल दाखवतात. प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेल्या मुलांना लाईनवर उभे करून उत्पादन काढून घ्यायचे, हा प्रकार चाकणपासून रांजणगावपर्यंत कामगार संघटनांनी पुन्हा पुन्हा समोर आणला आहे. अशा ठिकाणी दोन वर्षे काढलेल्या मुलाच्या हातात प्रमाणपत्र असते आणि तिसऱ्या वर्षी तो होता तिथेच असतो.

संगणक क्षेत्रात याच्या उलटही एक उदाहरण आहे, ते सांगायला हवे. इन्फोसिसने म्हैसूरला मोठे प्रशिक्षण संकुल उभारले आणि कोणत्याही शाखेच्या अभियंत्याला काही महिने तिथे ठेवून, पगार देऊन, प्रोग्रामिंग शिकवले. यंत्र किंवा स्थापत्य शाखेची हजारो मुले तिथून संगणकाच्या कामाला लागली. कंपनीने मनावर घेतले तर हे अंतर काही महिन्यांत बुजते, याचा याहून मोठा पुरावा काय हवा? मात्र आता याही क्षेत्रात नवी भरती आवळली जात आहे, आणि नवख्याला ज्या किरकोळ कामांवर शिकायला मिळे, चाचणीची कामे, छोट्या दुरुस्त्या, तीच कामे यंत्राकडे जाऊ लागली आहेत. पहिली पायरीच काढून घेतली तर दुसऱ्या पायरीवर माणूस कुठून येणार, हा प्रश्न येत्या काही वर्षांत फार तीव्र होणार आहे.

महाविद्यालयाने शिकवले नाही, कारखान्याने शिकवले नाही, तर मग मुलगा शिकला कुठे? खासगी क्लासमध्ये. पदवी झाल्यावर सहा महिने पुण्यात राहायचे, कॉट बेसिसवर जागा घ्यायची, मेस लावायची, आणि जावा, डेटा ॲनॅलिटिक्स, कॅड-कॅम असा काहीतरी कोर्स हजारो रुपये भरून करायचा. काही ठिकाणी 'प्लेसमेंटची हमी' म्हणून वेगळे पैसे. ज्याच्या वडिलांची नोकरी आहे तो हे करतो. ज्याच्या वडिलांनी आधीच पदवीसाठी जमीन गहाण टाकली आहे तो गावी परत जातो. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो. मुलींच्या बाबतीत हे आणखी कठीण. औद्योगिक वसाहतीजवळ सुरक्षित वसतिगृह नाही, रात्रपाळीनंतर परतायला वाहन नाही, आणि घरचे म्हणतात, शिकलीस ना, पुरे झाले. कळंब किंवा किनवटकडची हुशार मुलगी पदवीनंतर लगेच बाजारातून नाहीशी होते आणि कोणत्याही कौशल्य-चाचणीत तिचे नाव येत नाही.

यावर उपाय म्हणून कायदा नाही असे नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारकही त्यात आले. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि पदवीधराला दरमहा किमान नऊ हजार रुपये विद्यावेतन ठरवलेले होते. म्हणजे मी जे मागतो आहे ते कायद्यात आहेच. पण अडीच टक्के ही किमान मर्यादा अनेकांनी कमाल मानली. २०१४ मध्ये कायद्यातली तुरुंगवासाची तरतूद गेली. ती गेली याचे मला दुःख नाही. धाकाने कोणी शिकवत नाही. पण धाक काढताना त्याच्या जागी जे उभे करायला हवे होते ते उभे केले नाही.

ते काय, हे पाहायला जर्मनीकडे बघावे लागते. तिथला व्यवसाय प्रशिक्षणाचा कायदा १९६९ चा. मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले दिवस व्यवसाय शाळेत असतो. भत्ता कंपनी देते. आपल्याकडचे मंत्री आणि अधिकारी हे बघून येतात आणि 'दुहेरी पद्धत' म्हणून त्याचे कौतुक करतात. पण त्या पद्धतीचा कणा वेगळ्याच ठिकाणी आहे. अंतिम परीक्षा शाळा घेत नाही आणि मुलाला कामावर ठेवणारी कंपनीही घेत नाही. ती तिथले उद्योग-व्यापार मंडळ घेते, आणि परीक्षक मंडळात मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि व्यवसाय शाळेचे शिक्षक असे तिघेही असतात. त्यामुळे प्रमाणपत्राला देशभर किंमत असते. मुलाला नुसते बटण दाबायला लावले तर तो त्या परीक्षेत नापास होईल आणि कंपनीची अब्रू जाईल. कामगार संघटना त्या टेबलाशी बसलेल्या असतात, म्हणून शिकाऊ मुलगा स्वस्त मजूर होत नाही. आपण भत्त्याची योजना उचलली, परीक्षक मंडळ उचलले नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतरच्या मुलांना टूल अँड डाय मेकिंगचा पदविका अभ्यासक्रम प्रत्यक्ष उत्पादनाच्या यंत्रांवर शिकवतात. तिथल्या मुलांना कामाची ददात पडत नाही. म्हणजे आपल्या मातीत हे होत नाही असे म्हणायला जागा नाही.

मोठ्या कंपन्यांबद्दल बोललो. छोट्या वर्कशॉपवाल्याची अडचण मात्र खरी आहे आणि तिची टिंगल होता कामा नये. भोसरीतला पंधरा माणसांचा मालक गावाकडच्या मुलाला घेतो, सीएनसीवर सेटिंग शिकवतो, त्याने तोडलेल्या इन्सर्टचा आणि बाद झालेल्या जॉबचा भुर्दंड सोसतो. मुलगा तयार झाला की दोन हजार जास्त देणाऱ्या मोठ्या कारखान्यात निघून जातो. मुलाचे चुकले नाही. पण मालक पुढच्या वेळी शिकवायला धजत नाही. जो शिकवतो त्याचे नुकसान आणि जो आयता माणूस उचलतो त्याचा फायदा, असा हिशेब असेल तर कोणीच शिकवणार नाही. ब्रिटनने १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्यात यावर तोड काढली होती. त्या त्या उद्योगातल्या सगळ्यांकडून उपकर घ्यायचा आणि जो शिकवेल त्याला त्यातून अनुदान द्यायचे. बांधकाम क्षेत्रात तिथे ते मंडळ अजून चालते. आपल्याकडेही बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने उपकर घेतला जातो, म्हणजे कल्पना परकी नाही. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असा शिकाऊ उमेदवार निधी असावा, मोठ्या कारखान्याने त्यात जास्त भरावे, आणि मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला की त्याला शिकवणाऱ्या छोट्या मालकाच्या खात्यात पैसे जमा व्हावेत.

आतापर्यंत मी कारखान्यांबद्दलच बोललो. पण आपल्या देशात पदवी घेणाऱ्यांपैकी सर्वांत मोठा गट कला शाखेचा आहे, दर तिघांतला एक. त्यांच्यासाठी उद्योग काय मागतो हे कोणी त्यांना सांगतच नाही. त्यांच्या मुलाखतीत 'कम्युनिकेशन' या नावाखाली बऱ्याचदा इंग्रजी उच्चार आणि शहरी वावर तपासला जातो. पतसंस्थेत, दूध संघात, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर, विमा कार्यालयात ज्या माणसाला ग्राहकाशी मराठीत बोलायचे आहे, त्याची गटचर्चा इंग्रजीत कशासाठी? इंग्रजी यावे, ते शिकवावे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु नीट ऐकून घेणे, ऐकलेले चार ओळींत स्वच्छ लिहिणे, तक्ता तयार करणे, चिडलेल्या माणसाला समजावणे ही कौशल्ये आहेत, आणि ती मराठीत शिकवता येतात, मराठीत तपासता येतात. बीएच्या तीन वर्षांत विद्यार्थ्याने एकदाही स्वतःच्या गावाची पाणीपट्टीची नोंदवही उघडून पाहिलेली नसते. ग्रामपंचायत, सहकारी संस्था, ग्रंथालय, न्यायालयाचे कार्यालय ही त्याची वर्कशॉप होऊ शकतात.

हे कसे घडते ते पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळला पाहायला मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएचडी केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. १९८३ मध्ये त्यांनी पाबळसारख्या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, नापास झालेली मुले त्यांनी घेतली. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, रक्ताची साधी तपासणी, असे सगळे एकाच मुलाला करायला लावले. शिकवण्याची रीत अशी की गावाला ज्याची गरज आहे तेच काम शिकता शिकता करायचे आणि गावाने त्याचे पैसे द्यायचे. गेट हवे तर गेट, पाण्यासाठी जमिनीची तपासणी हवी तर ती. काम वाईट झाले तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. परीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा हे मूल्यमापन कडक असते आणि त्यात वहीवरून उतरवण्याची सोय नसते. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्य मंडळाने शाळांसाठी मान्य केला आणि कितीतरी शाळांनी तो घेतला. कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली होती. त्याआधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम निघाली होती. विचार आपल्या घरचाच होता. शाळांनी कार्यानुभवाचा तास गणिताच्या मास्तरांना दिला आणि तो संपला. पाबळला तो संपला नाही, कारण तिथे कामाला गिऱ्हाईक होते.

सरकार अलीकडे पैसे टाकते आहे, हेही नोंदवतो. २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना काढली, राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. राज्याच्या योजनेत बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना असे विद्यावेतन ठेवले. पैसा घरी पोहोचला, हे मोलाचे. पण मुदत संपल्यावर अनेक मुले कार्यालयांतून तशीच बाहेर पडली आणि आंदोलनाला बसली, कारण त्यांनी केलेल्या कामाची ना परीक्षा होती, ना पुढची वाट. ज्या कार्यालयात त्यांनी झेरॉक्स काढल्या आणि फायली वाहिल्या, तिथे त्यांना शिकवण्याची जबाबदारी नाव घेऊन कोणावर टाकलेली नव्हती. विद्यावेतनासोबत प्रशिक्षकाचे वेतनही योजनेत धरले पाहिजे. निवृत्त फोरमन, निवृत्त लेखापाल, निवृत्त परिचारिका प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना सन्मानाने बोलवा, मानधन द्या, आणि एकेकाच्या हाताखाली दहा मुले द्या.

माझा वेळ संपत आला आहे. या सभागृहात कारखानदार आहेत, प्राचार्य आहेत, संस्थाचालक आहेत, आणि मागच्या रांगांत विद्यार्थी उभे आहेत. विद्यार्थ्यांना मी उपदेश करणार नाही. त्यांनी त्यांच्या वाट्याचे कष्ट केलेले आहेत. कारखानदारांना माझी विनंती आहे की कायद्यातली पंधरा टक्क्यांची वरची मर्यादा गाठायचे ठरवा, आणि प्रत्येक शिकाऊ मुलामागे त्याला शिकवणाऱ्या कामगाराचे नाव नोंदवून त्या कामगाराला त्याचा भत्ता द्या. प्राचार्यांनी शेवटच्या वर्षाचा विकतचा प्रोजेक्ट बंद करून ते सहा महिने मुलांना कारखान्यात, दवाखान्यात, सहकारी संस्थेत पाठवावे, आणि परीक्षेला तिथला माणूस बोलवावा. यासाठी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. या गावातली दोन महाविद्यालये आणि औद्योगिक वसाहतीची संघटना येत्या महिन्यात एका टेबलाशी बसली, तर जूनमध्ये पहिली तुकडी कामावर जाऊ शकते. त्या बैठकीला मला बोलवा. मी येईन.